पडण्याची धास्ती: घरातल्या ज्येष्ठांमध्ये ती आधीच कशी ओळखाल?

‘आई एकदाही पडलेली नाही, तरी जिना उतरायचं म्हटलं की तिचे हातपाय गार पडतात. काय करावं?’ आणि ‘बाबा वर्षात दोनदा पडले, तरी स्टुलावर चढून माळ्यावरचे डबे काढतात. त्यांना कसं समजवावं?’ ज्येष्ठांच्या आरोग्याबद्दल लिहिताना हे दोन प्रश्न वाचकांकडून आलटून पालटून येत असतात. मदत दोघांनाही हवी आहे, पण ती वेगवेगळी. घरोघरी मात्र दोघांनाही एकच सल्ला मिळतो: जपून राहा, एकटं जाऊ नका, आता वय झालं.

कोण पडेल हा एक प्रश्न झाला. पडण्याच्या धास्तीने कोण हिंडणं-फिरणंच सोडून देईल, हा दुसरा. या दुसऱ्या प्रश्नाकडे घरच्यांचं आणि पुष्कळदा डॉक्टरांचंही लक्ष जात नाही. खरं तर धास्ती कोणाला लागण्याची शक्यता जास्त आहे, हे बऱ्याच अंशी आधी ओळखता येतं. ते कसं ओळखायचं आणि ओळखल्यावर काय करायचं, ते इथे देत आहे.

सावधपणा कुठे संपतो?

ओल्या फरशीवर बेताने पाऊल टाकणं हा शहाणपणा आहे. पण फरशी कोरडी असतानाही न्हाणीघरापर्यंत भिंत, मग कपाट, मग दाराची चौकट असं एकेक धरत जाणं, रोजची अंघोळ एक दिवसाआड होणं, संध्याकाळचा कट्टा किंवा भजनी मंडळ ‘कंटाळा आला’ म्हणून सुटणं, ही धास्तीची लक्षणं असू शकतात. माणूस ‘भीती वाटते’ असं म्हणत नाही. तो ‘गुडघे दुखतात’, ‘ऊन फार आहे’ किंवा ‘आता कुठे जायचंय’ असं म्हणतो. जरा खोदून विचारलं की मग खरं बाहेर येतं: ‘पडले तर माझं करणार कोण?’ वेदनेपेक्षा अंथरुणाला खिळण्याची आणि कुणावर तरी भार होण्याची भीती मोठी असते.

दखल घ्यायची ती एवढ्यासाठी की धास्तीने तोल खरोखरच बिघडतो. पावलं तोकडी होतात, नजर पायाशी खिळते, अंग आखडतं. फिरणं कमी झालं की मांड्यांतली ताकद जाते आणि कालपर्यंत नुसती शंका असलेली गोष्ट खरी होऊन बसते. अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या ज्येष्ठांचा एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दोन्ही बाजू दिसल्या: जे पडले त्यांच्यात पुढे भीती निर्माण होण्याचं प्रमाण जास्त होतं आणि ज्यांना आधीपासून भीती होती ते पुढे पडण्याचं प्रमाणही जास्त होतं.

कोणाकडे आधी लक्ष द्यायचं?

अमेरिकेतल्याच न्यू हेवन शहरातल्या सत्तरी ओलांडलेल्या स्त्रियांच्या अभ्यासात (२००३) पुढे भीती निर्माण होण्याशी चार गोष्टी जोडलेल्या आढळल्या: वय ८० किंवा त्याहून जास्त असणं, नजर अधू असणं, बैठी दिनचर्या आणि मन मोकळं करायला कुणी नसणं. चौथी गोष्ट पुन्हा वाचा. ती हाडाची नाही, स्नायूची नाही. घरात चार माणसं असूनही ती लागू पडू शकते.

त्यात पुढच्या गोष्टी मिळवा:

- गेल्या वर्षभरात पडणं. लागलं नसलं तरी हे धरा. ‘नुसती बसले गं खाली’ हेसुद्धा पडणंच.
- चालताना तोल जाणं, उठल्यावर गरगरणं.
- पक्षाघात, कंपवात, किंवा मधुमेहामुळे तळपाय बधिर होणं.
- उदासी, सततची चिंता, जोडीदाराच्या निधनानंतरचा काळ.
- रोजच्या गोळ्यांची संख्या मोठी असणं, विशेषतः झोपेची किंवा चिंतेची गोळी चालू असणं.
- नुकतंच रुग्णालयातून घरी येणं. आठ-दहा दिवस पलंगावर काढले की पायांवरचा विश्वास उडतो.
- शेजारच्या किंवा नात्यातल्या कुणाचा खुबा मोडून तो माणूस पुन्हा उठलाच नाही, असं जवळून पाहिलेलं असणं.

बहुतेक अभ्यासांत स्त्रियांमध्ये ही भीती जास्त नोंदली गेली आहे. पुरुष ती कमी बोलून दाखवतात, हेही त्यामागचं एक कारण असावं असं मला वाटतं. म्हणून ‘बाबांना कसली भीती?’ असं गृहीत धरू नका.

एका खुणेवरून निष्कर्ष काढू नका. यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या असतील तर मात्र धास्ती दिसायची वाट न पाहता पुढची तपासणी करा.

घरच्या घरी करायची तपासणी

*आधी तीन प्रश्न.* पडणं टाळण्यासाठी २०२२ मध्ये जागतिक पातळीवरच्या तज्ज्ञांनी जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत हे प्रश्न आहेत:

१. गेल्या वर्षात कधी पडलात का?
२. उभं राहताना किंवा चालताना अस्थिर वाटतं का?
३. पडण्याची काळजी वाटते का?

‘भीती वाटते का?’ असं विचारलंत तर उत्तर नाही असं येईल. ‘काळजी वाटते का?’ असं विचारा. आणि माझ्याकडून चौथा प्रश्न जोडा: ‘गेल्या वर्षी करत होतात पण आता सोडलंत असं काय आहे?’ माझ्या मते सर्वांत जास्त माहिती याच प्रश्नातून मिळते.

*मग सात कामं.* येल विद्यापीठाच्या डॉ. मेरी टिनेटी यांनी १९९० मध्ये ही भीती मोजण्यासाठी दहा रोजच्या कामांची प्रश्नावली तयार केली. पुढे युरोपातल्या संशोधकांनी तिचं सोळा प्रश्नांचं आणि नंतर सात प्रश्नांचं रूप केलं. घरी सातचं पुरे. ही कामं करताना पडण्याची किती काळजी वाटते, ते विचारायचं:

- कपडे घालणं-काढणं
- अंघोळ
- खुर्चीतून उठणं, खुर्चीत बसणं
- जिना चढणं-उतरणं
- डोक्यावरच्या फळीवरचं किंवा जमिनीवरचं काही उचलणं
- चढ-उतारावर चालणं
- लग्न, पूजा, नातेवाइकांकडे अशा कार्यक्रमांना जाणं

अजिबात नाही तर १ गुण, थोडी तर २, बऱ्यापैकी ३ आणि खूप असेल तर ४. बेरीज ७ ते २८ च्या दरम्यान येते. ७-८ म्हणजे काळजी कमी, ९ ते १३ मध्यम, १४ किंवा त्याहून अधिक म्हणजे जास्त. एखादं काम ते करतच नसतील, तर ‘करायची वेळ आली तर किती काळजी वाटेल?’ असं विचारा. उत्तरं त्यांचीच लिहा. शेजारी बसलेल्या मुलाने किंवा सुनेने ‘अहो, तुम्हाला वाटते की भीती’ म्हणून मध्ये पडू नये.

*शेवटी शरीराची चाचणी.* बाजूला एक धडधाकट माणूस उभा हवा, पायात नेहमीची चप्पल किंवा बूट हवेत आणि हाताशी भिंत हवी. खुबा-गुडघ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल किंवा आजच चक्कर येत असेल तर हे घरी करू नका.

- खुर्चीतून उठून नेहमीच्या चालीने तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ लागला तर पडण्याचा धोका आहे असं धरा.
- एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून, दोन्ही पावलं एका रेषेत ठेवून १० सेकंद उभं राहायचं. न जमल्यास तोल कमकुवत आहे.

दोन्ही उत्तरं शेजारी ठेवा

काळजीचा आकडा आणि शरीराची चाचणी एकमेकांशी जुळतातच असं नाही. सिडनीमध्ये ७० ते ९० वर्षांच्या ५०० जणांचा अभ्यास झाला, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे एक तृतीयांश लोकांचा स्वतःबद्दलचा अंदाज चुकलेला होता. काहींनी धोका फुगवला होता, काहींनी कमी धरला होता. यातून चार गट पडतात.

शरीर बरं, काळजी कमी. काही करायची गरज नाही. फिरणं चालू ठेवा, वर्षाने पुन्हा विचारा.

शरीर बरं, काळजी जास्त. सुरुवातीच्या प्रश्नातली आई बहुधा या गटातली. सिडनीच्या अभ्यासात अशा लोकांमध्ये उदासीची लक्षणं आणि चिंतेचा स्वभाव जास्त आढळला. यांना काठी घेऊन दिली की काम झालं असं समजू नका. मनाकडे पाहायला हवं, आणि हळूहळू विश्वास परत आणायला हवा.

शरीर कमकुवत, काळजीही जास्त. ही भीती रास्त आहे. तिला ‘उगाच घाबरता’ म्हणून उडवून लावू नका. आधी तोल आणि ताकद सुधारा. भीती त्यामागून उतरते.

शरीर कमकुवत, काळजी नाही. स्टुलावर चढणारे बाबा इथे येतात. यांना घाबरवून फिरणं बंद पाडायचं नाही. या अभ्यासात अशांची जगण्याकडे पाहण्याची वृत्ती सकारात्मक होती आणि ते हिंडते-फिरते होते. त्यांचा उत्साह तसाच ठेवून धोका काढा. वापरातले डबे कमरेच्या उंचीवर आणा, स्टूल घरातून हलवा, व्यायाम सुरू करा.

डॉक्टरांकडे काय न्यायचं, काय विचारायचं

सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून न्या. मेडिकलमधून आणलेली सर्दीची गोळी, दुखण्याची गोळी, काढे, चूर्णं, सगळं त्यात असू द्या. मग विचारा:

- यातल्या कोणत्या गोळीने गुंगी किंवा चक्कर येऊ शकते? रक्तदाबाच्या, प्रोस्टेटच्या आणि झोपेच्या गोळ्यांबद्दल वेगळं विचारा.
- आडवं असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत, असा दोनदा रक्तदाब मोजाल का? वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल तर चक्करेचं कारण तिथेच सापडू शकतं. बसवून एकदाच मोजला तर हे कळत नाही.
- मोतीबिंदूची वेळ आली आहे का? लांबचं-जवळचं एकाच काचेत असलेल्या चष्म्याने पायऱ्या धूसर दिसतात. बाहेर फिरायला नुसत्या लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा उपयोगी पडेल का?
- मन उदास आहे का, हे तपासाल का?

अल्प्राझोलामसारखी गोळी वर्षानुवर्षं चालू असेल, तर हा लेख वाचून ती एकदम बंद करू नका. अशा गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्यानेच कमी करायच्या असतात. धास्तीवर उपाय म्हणून कुणी नवी झोपेची गोळी सुचवली तर मात्र थांबून विचारा. तिने भीती थोडी दबेल, पण पडण्याचा धोका वाढेल.

धास्ती उतरवायची कशी?

समजावून सांगून ती जात नाही. करून पाहिल्याने जाते. ताकद आणि तोल यांचा व्यायाम आणि टप्प्याटप्प्याने सराव, या दोन्हींची जोड लागते. सोबत कुणाशी तरी मोकळं बोलणं हवं. अमेरिकेत बोस्टनमध्ये १९९० च्या दशकात या कामासाठी जो गटवर्ग सुरू झाला, त्याची रचनाही साधारण अशीच होती: ज्येष्ठांनी एकत्र बसायचं, भीतीबद्दल बोलायचं, छोटं उद्दिष्ट ठरवायचं, व्यायाम करायचा. हे आपल्याकडे ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभागृहात किंवा विरंगुळा केंद्रात सहज होऊ शकतं. एक फिजिओथेरपिस्ट आणि हात नसलेल्या भक्कम खुर्च्या एवढंच लागतं.

जिन्याचं उदाहरण घेऊ. आई तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही, आणि दोन महिन्यांत खाली उतरलेली नाही. थेट ‘चल, खाली जाऊ’ म्हणू नका. पहिले काही दिवस दाराबाहेर येऊन कठडा धरून नुसतं उभं राहायचं. मग एक पायरी उतरायची, एक चढायची. उतरताना दुखरा पाय आधी, चढताना चांगला पाय आधी. सोबतच्या माणसाने उतरताना एक पायरी खाली, चढताना एक पायरी मागे राहायचं, दंड ओढायचा नाही. काळजीचा आकडा आईलाच विचारायचा. चारवरून दोनवर आला की पुढची पायरी. अर्धा जिना झाला की वळणावर खुर्ची ठेवा. साडीचा किंवा गाऊनचा काठ घोट्याच्या वर घ्या, चप्पल मागे पट्टा असलेली हवी. रोज एकदा करा. मध्येच आठवडाभर खंड पडला तर एक-दोन टप्पे मागून पुन्हा सुरू करा, त्यात काही बिघडत नाही.

घरी रोज करण्याजोगा सोपा व्यायाम म्हणजे खुर्चीतून उठणं-बसणं, सुरुवातीला हातांचा आधार घेऊन, मग न घेता. ओट्याला धरून टाचा उचलणं हा दुसरा. किती वेळा ते फिजिओथेरपिस्टकडून ठरवून घ्या. जमिनीवरून उठायचं कसं, हेही त्यांच्याकडून शिकून घ्या. कुशीवर वळणं, मग हात-गुडघ्यांवर येणं, मग खुर्चीच्या आधाराने एक पाय रोवून उठणं. पडलो तरी उठता येईल, हे ज्याला ठाऊक असतं त्याची निम्मी धास्ती तिथेच सुटते.

घरच्यांच्या हातून होणाऱ्या चुका

प्रेमापोटी होतात, पण नुकसान खरं होतं.

- सगळी कामं हातातून काढून घेणं. भाजी निवडणं, देवपूजा, दूध आणणं ही कामं म्हणजे व्यायामच आहे.
- प्रत्येक पावलाला ‘सांभाळ, पडशील’ म्हणणं. मागून मोठ्याने हाक मारणं तर टाळाच.
- पाहुण्यांसमोर पडल्याची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणं.
- रात्रीच्या सोयीसाठी गरज नसताना डायपर लावणं. त्याऐवजी पलंगापासून शौचालयापर्यंत मिणमिणता का होईना, दिवा ठेवा.
- दुसऱ्याची जुनी काठी देणं. सरळ उभं राहून हात सोडल्यावर काठीची मूठ मनगटाच्या रेषेत यायला हवी, आणि काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते. हे दोन्ही चुकलेलं मी इतक्या ठिकाणी पाहते की इथे मुद्दाम लिहिते आहे.

न्हाणीघरात भिंतीत ठोकलेला दांडा बसवून घ्या. टॉवेल अडकवायचा रॉड माणसाचं वजन पेलत नाही. कोकणात आणि घाटावर पावसाळ्यात अंगणातलं शेवाळ खरवडून काढा, आणि तेवढे महिने चालायला घरातलीच जागा मोकळी करा.

पडलेच तर

लगेच ओढून उठवू नका. खुब्यात तीव्र दुखत असेल, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल, त्यावर भार देता येत नसेल, शुद्ध हरपली असेल किंवा उलटी होत असेल तर १०८ ला फोन करा. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर बरं वाटत असलं तरी रुग्णालयात न्या.

काही मोडलेलं नसेल, तर पुढचे पंधरा दिवस महत्त्वाचे. धास्ती घर करते ती या काळात. डॉक्टरांनी परवानगी दिली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासूनच थोडं थोडं चालायला लावा, आणि जिथे पडले त्या जागेवरून सोबतीने पुन्हा जा. सात कामांची प्रश्नावली महिन्याने परत भरा.

तुमचे हक्क आणि योजना

- २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण कायदा: साठी ओलांडलेल्यांसाठी सरकारी रुग्णालयांत स्वतंत्र रांग आणि शक्य तिथे खाटांची सोय करण्याची तरतूद यात आहे. मुलं सांभाळत नसतील तर निर्वाह न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो.
- राष्ट्रीय वयोश्री योजना: दारिद्र्यरेषेखालील किंवा महिना १५,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना काठी, वॉकर, चष्मा, श्रवणयंत्र यांसारखी साधनं मोफत मिळतात. वाटप शिबिरांतून होतं.
- मुख्यमंत्री वयोश्री योजना (महाराष्ट्र, २०२४): वय ६५ किंवा त्याहून जास्त आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांपर्यंत असल्यास साधनं घेण्यासाठी एकदा ३,००० रुपये बँक खात्यात जमा होतात. चौकशी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात करा.
- आयुष्मान वय वंदना कार्ड: वय ७० किंवा त्याहून जास्त असलेल्या सर्वांसाठी, उत्पन्नाची अट नाही. योजनेतल्या रुग्णालयांत भरती होऊन घेतलेल्या उपचारांना वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण मिळतं.
- फोन: ज्येष्ठांसाठी एल्डरलाइन १४५६७. मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६, मराठीतही बोलता येतं.

सोसायटीच्या जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा, पायऱ्यांच्या कडेला रंगाची पट्टी आणि चालू दिवे हवेत, असा अर्ज सर्वसाधारण सभेपुढे लेखी द्या. तोंडी सांगितलेलं राहून जातं.

हा लेख तुम्ही स्वतः ज्येष्ठ म्हणून वाचत असाल, तर एक विनंती. पडण्याच्या काळजीने तुम्ही जे सोडलंत, मग ते देऊळ असो, बाजार असो की माहेरची वारी, ते या आठवड्यात एका माणसाला नाव घेऊन सांगा. आणि मुलं वाचत असतील, तर पुढच्या फोनवर ‘तब्येत कशी आहे?’ याच्या जोडीने ‘सध्या कुठे कुठे जाणं होतं?’ हे विचारा. उत्तर गेल्या वर्षीपेक्षा तोकडं वाटलं, तर या लेखातली तपासणी त्याच आठवड्यात करा.